फौजीच्या घरचे कागद

फौजेतून निवृत्त झालेला माणूस गावी येतो. त्याची पेन्शन केंद्र सरकार देते. बाकीची बरीच मदत राज्य सरकारची असते. त्यासाठी यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे डिस्चार्ज बुक दाखवून नाव नोंदवावे म्हणजे ओळखपत्र मिळते. मुलांची शिष्यवृत्ती, नोकरीतली राखीव जागा, सारे त्यावर चालते. 2020 साली सरकारने माजी सैनिकांच्या एका घराची घरपट्टी माफ केली. पण ती आपोआप सुटत नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत अर्ज द्यावा लागतो.

खरी अडचण येते ती फौजीच्या माघारी. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. मग पलटणीच्या कागदात माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि बँकेत भलतेच! जन्मतारीखही जुळत नाही. अशाने बिचारीची कुटुंब पेन्शन अडून राहते. म्हणून नवरा हयात असतानाच पेन्शनच्या हुकमावरचे, म्हणजे पीपीओवरचे, आपले नाव बाईने स्वतः वाचावे. एका अक्षराचा फरक दिसला तरी दुरुस्तीचा अर्ज करावा.

पांढरकवड्याहून यवतमाळला जायचे म्हणजे दिवस मोडतो. म्हातारीला तर सोबतही लागते. माझे मत विचाराल तर त्या कार्यालयाच्या माणसाने दर महिन्याला ठरल्या दिवशी प्रत्येक तहसिलीत बसावे. ध्वजदिनाचा निधी आपण 1949 पासून देतो आहोत, तेव्हा एवढे मागायला हरकत नाही.

कार्यालयात जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार कार्ड व पासबुक न्यावे. मूळ कागद फक्त दाखवावेत, द्यायच्या त्या नकला. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये.