एक मिलिमीटरची धूळ

औष्णिक वीजकेंद्रात कोळसा ढेकळाच्या रूपात जळत नाही. वॅगनमधून आलेली ढेकळं क्रशरमध्ये फुटतात, बेल्टवरून बंकरमध्ये पडतात आणि तिथून मिलमध्ये उतरून त्यांची पूड होते. या पुडीचा सुमारे ७० टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडला पाहिजे, असा दंडक असतो. चिमटीत धरली तर ती फेस पावडरसारखी लागते. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर ताशी ३०० टनांहून अधिक कोळसा असा दळला जातो. भट्टीत शिरताक्षणी पेटावी म्हणूनच ही पूड एवढी बारीक करतात. भट्टीत हवा असलेला हाच गुण भट्टीबाहेर जीव घेतो.

किती धूळ धोक्याची? एक साधा हिशेब मांडून पाहू. बंकरच्या मजल्यावर फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर बसला आहे, असं धरा. सैल धुळीचं वजन घनमीटरला साधारण ५०० किलो, म्हणजे एका चौरस मीटरवर अर्धा किलो धूळ झाली. काही हादरा बसून ती पाच मीटर उंचीपर्यंत उडाली, तर हवेत दर घनमीटरला १०० ग्रॅम कोळसा तरंगू लागतो. स्फोटाला त्याहून कमी, साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतात. या मजल्यावर चालणाऱ्या माणसाला पावलांचे ठसे उमटलेले दिसतील, एवढंच. त्यात धोका आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि माझ्या मते सगळं दुर्लक्ष इथूनच सुरू होतं.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डिअरबर्नला फोर्ड कंपनीचा रूज कारखाना आहे. त्याचं स्वतःचं वीजघर १९२०च्या दशकातलं होतं. १ फेब्रुवारी १९९९ रोजी दुपारी तिथला सहा क्रमांकाचा बॉयलर वार्षिक तपासणीसाठी बंद केला जात होता. तो नैसर्गिक वायूवरही चालायचा आणि कोळशाच्या पुडीवरही. बंद करण्याच्या कामात भट्टीत वायू साचला आणि त्याचा स्फोट झाला. इथवर हा वायूचा अपघात होता. पण त्या हादऱ्याने इमारतीत जागोजागी बसलेली कोळशाची धूळ उठली आणि तिने पेट घेतला. सहा कामगार दगावले, कित्येक जण गंभीर भाजले. मिशिगनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेशी कंपनीने त्याच वर्षी ७० लाख डॉलरची तडजोड केली, त्यात १५ लाख डॉलर दंडाचे होते. धुळीच्या जवळपास प्रत्येक मोठ्या दुर्घटनेत हा क्रम दिसतो. पहिला स्फोट लहान असतो, तो धूळ उठवतो. माणसं मरतात ती दुसऱ्या स्फोटात.

हे ज्ञान नवं नाही. १८४४ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या हॅसवेल खाणीत स्फोट होऊन ९५ जण गेले, तेव्हा चौकशीसाठी मायकेल फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना पाठवलं गेलं. भिंतींवर आणि आधाराच्या खांबांवर जळून चिकटलेली कोळशाची पूड त्यांनी पाहिली, आणि आग पसरायला वायूबरोबर ही धूळही कारण ठरली, असं अहवालात लिहिलं. तरी पुढची कित्येक दशकं खाणमालक वायूलाच दोष देत राहिले. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या कूरिएर इथे १,०९९ माणसं मेल्यावर धुळीबद्दल वाद घालायला फारशी जागा उरली नाही. आपल्याकडे २८ मे १९६५ रोजी, तेव्हाच्या बिहारमधल्या धोरी खाणीत कोळशाच्या धुळीच्या स्फोटाने २६८ कामगारांचा बळी घेतला.

खाणीतल्या गॅलऱ्यांमध्ये उपाय म्हणून चुनखडीची पूड पसरतात. ती कोळशाच्या धुळीत मिसळून ज्वाला पुढे सरकू देत नाही. वीजकेंद्रात ही सोय नाही. तिथे धूळ उचलणं हाच उपाय.

विदर्भात धूळ पेटण्याचा प्रश्न आणखी बिकट होतो. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र कोळसापट्ट्याच्या कुशीतच आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापतो, हे खाणीतल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यावर पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. हवेतला प्राणवायू कोळशाशी हळूहळू संयोग पावतो, उष्णता निघते, ती ढिगाच्या पोटात अडकते आणि तापमान वाढत जातं. म्हणून ढीग बुलडोझरने दाबून ठेवायचा, आत हवा खेळू द्यायची नाही आणि आधी आलेला कोळसा आधी वापरायचा. आयात केलेला इंडोनेशियाचा कोळसा मिसळला तर काळजी दुप्पट करावी लागते. त्यात ज्वलनशील वाफा जास्त, आणि तो लवकर पेटतो. बंकरच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेला कोळसा तर सर्वांत फसवा. संच दुरुस्तीला घेताना बंकर रिकामा केला नाही, तर तो आतल्या आत धुमसत राहतो. धूर दिसण्याआधी तिथे कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मोजणारं यंत्र असेल तर तेवढा अवधी हाती येतो.

बेल्टवर ठिणगी कुठून येते? बहुतेक वेळा एखाद्या जाम झालेल्या आयडलरपासून, म्हणजे बेल्ट पेलणाऱ्या रोलरपासून. बेल्ट त्यावरून घासत जातो, रोलर तापतो, खाली सांडलेली धूळ धुमसू लागते. थर जितका जाड, तितका तो कमी तापमानाला पेटतो, कारण आतली उष्णता बाहेर पडत नाही. अशा धुमसत्या थरावर घाबरून पाण्याचा जोरदार झोत मारला, तर धूळ उडून ढग तयार होतो आणि जळता निखारा त्याच ढगात असतो. पाणी मारायचं ते बारीक तुषारांनी. साफसफाईतही हाच नियम. कॉम्प्रेस्ड एअरची नळी घेऊन तुळया फुंकून काढणं ही सोयीची पण घातक सवय आहे. धूळ खेचून घेणारी यंत्रं हवीत, नाहीतर पाण्याने धुवायला हवं.

हे काम करतो कोण? कोळसा हाताळणी विभागात खोरं आणि झाडू हातात घेतलेला कंत्राटी कामगार. केंद्रातल्या सर्वांत कमी पगारांपैकी एक त्याचा. नाकातोंडाला गमछा बांधून तो बेल्टखाली वाकून सांडलेला कोळसा पुन्हा बेल्टवर टाकतो. कोणता आयडलर आवाज करतो, कुठल्या कोपऱ्यात वास येतो, हे त्याला इंजिनिअरच्या आधी कळतं. पण त्याचं काम कागदोपत्री स्वच्छतेच्या खात्यात मोडतं, अग्निसुरक्षेच्या नव्हे. खर्चाला कात्री लागली की पहिली कमी होतात ती हीच माणसं. वरचा हिशेब समोर ठेवला, तर हे मला अत्यंत चुकीचं वाटतं.

बेल्टच्या दोन्ही बाजूंनी लांबवर एक दोरी गेलेली असते. तिला पुल कॉर्ड म्हणतात. ती ओढली की बेल्ट थांबतो. माणूस अडकला तर ती ओढायची, हे नव्या कामगाराला शिकवतात. वास आला किंवा रोलर लाल दिसला तरीही ती ओढायची, आणि त्यापायी वीजनिर्मिती खोळंबली तरी कामगाराला जाब विचारला जाणार नाही, हे कंत्राटात लिहिलेलं असायला हवं.