दगडफुलाचे निदान

मसाल्याच्या डब्यातून दगडफुलाचा एक तुकडा काढून पांढऱ्या बशीत ठेवा. वरची बाजू राखाडी, खालची काळपट, कडा कुरळ्या. याच्याशिवाय गोड्या मसाल्याला त्याचा ओळखीचा वास येत नाही. पण हे नक्की आहे काय, असे विचारले तर बहुतेक घरांत ‘दगडावर येते ते शेवाळ’ एवढेच उत्तर मिळते. प्रत्यक्षात ते फूल नाही आणि शेवाळही नाही. अनेकदा ते दगडावरचेही नसते, झाडाच्या सालीवरून काढलेले असते. शिवाय एका पुडीत एकच जात असेल, याचीही खात्री नसते.

पावसाळ्यात भिंतीवर, फरशीवर, झाडावर जे काही हिरवे-करडे दिसते त्या सगळ्याला आपण ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. त्यात निदान तीन वेगवेगळे प्रकार असतात. अंगणातल्या फरशीवरचा निसरडा हिरवा थर बहुधा शैवलांचा असतो. भिंतीवर उगवणारी मखमल म्हणजे मॉस. ती खरीखुरी वनस्पती आहे, भिंगाखाली तिची इवलीशी पाने दिसतात. आणि सालीवर किंवा कातळावर चिकटलेले करडे, पिवळसर, नारिंगी ठिपके आणि झालरी म्हणजे लायकेन. मराठी परिभाषेत त्याला शैवाक म्हणतात. दगडफूल त्यातलेच.

लायकेन हा एक जीव नाही, ते बिऱ्हाड आहे. बुरशी घर बांधते आणि ओल धरून ठेवते. तिच्या आत राहणारी शैवले किंवा नील-हरित जीवाणू सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे मांडले, तेव्हा त्या काळातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्याला उडवून लावले. पुढे तोच बरोबर ठरला.

तपासणी ओपीडीसारखीच

या विषयाचा पाया घालणारा माणूस डॉक्टर होता. स्वीडनमधील एरिक आकारियस हा लिनियसचा विद्यार्थी वाडस्टेना या छोट्या गावात जिल्हा वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करत असे. रुग्ण तपासता तपासता त्याने लायकेनचे वर्गीकरण उभे केले आणि १८०३ व १८१० मध्ये त्यावरचे मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध केले. लायकेन ओळखण्याची रीत पाहिली की यात डॉक्टरचे मन का रमले असेल, ते कळते.

सुरुवात पूर्वेतिहासाने होते. कुठे सापडले? कातळावर की सालीवर? कोणत्या झाडाच्या, किती उंचीवर, उन्हात की सावलीत? मग नुसत्या डोळ्यांनी पाहणे, बोट फिरवणे, पाण्याचा थेंब टाकून रंग बदलतो का ते बघणे. त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग. कडेला काळे केस आहेत का? पृष्ठभागावर पिठासारखी भुकटी आहे की बारीक खुंट? आपल्याकडे दगडफूल म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन जाती इथेच वेगळ्या पडतात. पारमोट्रेमा परलॅटमच्या कडेला भुकटीच्या रेघा आणि काळे केस असतात. पारमोट्रेमा टिंक्टोरमला केस नसतात, पण पृष्ठभागावर खुंट असतात.

एवढ्यावर निर्णय झाला नाही, तर तपासणीच्या बाटल्या बाहेर निघतात. फिनलंडच्या विल्यम नायलँडरने १८६६ मध्ये ही पद्धत आणली. तोही वैद्यकीय पदवीधर होता. त्याची दोन मुख्य रसायने म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ब्लीच. आमच्या रुग्णालयात ही दोन्ही रोज वापरली जातात. नायट्याची खरवड मायक्रोस्कोपखाली बघण्यापूर्वी पहिल्याचा थेंब टाकतात आणि दुसऱ्याने फरशा निर्जंतुक करतात. टिंक्टोरमचा आतला पांढरा थर उघडा करून ब्लीचचा थेंब टाकला की तो लाल होतो. परलॅटम तसे करत नाही. हायपोट्रॅकिना सिऱ्हाटा ही दगडफुलात मिसळलेली आणखी एक जात. तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकले की आधी पिवळा आणि मग लाल रंग येतो. (हे प्रयोगशाळेचे काम आहे. ही रसायने कातडी भाजतात, तेव्हा स्वयंपाकघरात करून पाहू नका.)

गंमत अशी की, ज्या नायलँडरने ही अचूक कसोटी दिली, त्याने श्वेंडेनरचा सिद्धांत मात्र शेवटपर्यंत मानला नाही. पण त्याच वर्षी त्याने आणखी एक मोलाची नोंद करून ठेवली. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी लायकेन टिकून होती, ती शहराच्या इतर भागांतून नाहीशी झाली होती. त्यावरून त्याने हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध जोडला. लायकेनला मुळे नसतात. हवेतून आणि पावसातून येईल ते सगळे, धातूंसह, ती शोषून घेतात. म्हणूनच वर्दळीच्या रस्त्याकडेच्या झाडावरचे दगडफूल काढून मसाल्यात घालू नये.

जुळ्यांचे कोडे

सगळ्या तपासण्या करूनही निदान अडते, असे प्रसंग वैद्यकात येतात. लायकेनमध्येही आले. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात झाडांवरून केसांच्या बटांसारखी ब्रायोरिया ही लायकेन लोंबते. तिच्या फ्रेमाँटी या तपकिरी जातीला तिथले आदिवासी जमिनीतल्या भट्टीत शिजवून खात असत. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टॉर्टुओसा या पिवळसर जातीत मात्र व्हल्पिनिक आम्ल असते. हे तेच विष, ज्याच्या दुसऱ्या एका लायकेनचा उत्तर युरोपात लांडगे मारण्यासाठी वापर होई. एक अन्न, दुसरी विषारी. आणि जनुकीय तपासणी केली, तर दोन्हींतली बुरशी तीच आणि शैवलही तेच.

मग फरक आला कुठून? टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे उत्तर मांडले. लायकेनच्या बाहेरच्या सालीत तिसरा भाडेकरू राहत होता, वेगळ्याच कुळातले एक यीस्ट. पिवळ्या जातीत ते जास्त आढळले. सहा खंडांतल्या इतर लायकेनमध्येही अशी यीस्ट सापडली. दीडशे वर्षे मायक्रोस्कोपखाली पाहूनही ती नजरेतून सुटली होती. नंतरच्या पाहण्यांत प्रत्येक लायकेनमध्ये ती आढळली नाहीत, त्यामुळे त्यांचे नेमके काम काय यावर अजून वाद आहे. याशिवाय लायकेनच्या अंगावर राहणाऱ्या दोन हजारांहून अधिक बुरशींची नोंद झाली आहे. त्यांतल्या कित्येक एकाच जातीच्या लायकेनवर राहतात. यजमान ओळखता आला नाही, तर पाहुणाही ओळखता येत नाही.

नाव चुकले की

नाव चुकल्याने काय बिघडते? ‘ओकमॉस’ या नावाचा सुगंधी घटक अनेक अत्तरांत असे. नावात मॉस आहे, पण तो मिळतो लायकेनपासून. त्यातल्या अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल या द्रव्यांमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांवर बंदी घातली. याउलट ‘लायकेन प्लॅनस’ हा त्वचेचा आजार. नाव ऐकून काही रुग्ण अंगावर शेवाळ आल्यासारखे घाबरतात. त्याचा या जीवांशी काहीही संबंध नाही, केवळ दिसण्यावरून नाव पडले आहे.

अस्निया या दाढीसारख्या लायकेनमधले अस्निक आम्ल जंतूंची वाढ रोखते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण तेच आम्ल असलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी अमेरिकेत काहींचे यकृत निकामी झाले, आणि २००१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला अशा एका उत्पादनाविरुद्ध इशारा द्यावा लागला. मसाल्यातल्या चिमूटभर दगडफुलाला घाबरण्याचे कारण नाही. पण मूतखड्यावर दगडफुलाचा काढा घेतो, असे सांगणारे रुग्ण भेटतात. पुडीत कोणती जात आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसताना ती औषध म्हणून रोज पोटात घेणे योग्य नाही. घेत असाल तर निदान डॉक्टरांना सांगा. विशेषतः डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर ते लगेच थांबवून तपासणी करून घ्या.

मॉसबरोबर येणारी बुरशीही ओळखावी लागते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या १५ राज्यांत ८४ जणांना स्पोरोट्रायकोसिस हा त्वचेचा आजार झाला. रोपे गुंडाळायला वापरलेल्या स्फॅग्नम मॉसमधून ही बुरशी त्यांच्या त्वचेत शिरली होती. काट्याने किंवा काडीने बोटाला ओरखडा उठतो, काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, मग हातावर ओळीने गाठी चढत जातात. वेळीच ओळखला तर हा आजार गोळ्यांनी बरा होतो. साधे गळू समजून प्रतिजैविके देत राहिले तर महिने वाया जातात. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या भागात हे रुग्ण आढळतात. स्फॅग्नम आता ऑर्किड आणि वेलींसाठी नर्सरीत सहज मिळते. ते हाताळताना हातमोजे घाला. आणि न भरणारी जखम दाखवायला गेलात, तर बागकाम करता हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

दुर्मीळ म्हणजे काय?

युरोपातल्या जुन्या जंगलांत लोबेरिया पल्मोनारिया ही लायकेन सापडते. तिचा आकार फुप्फुसासारखा, म्हणून पूर्वी छातीच्या विकारांवर ती देत असत. आता तिचे महत्त्व वेगळे आहे. जिथे ती दिसते तिथे जंगल जुने आणि हवा स्वच्छ, असे समजतात. जुनी झाडे गेली, धूर वाढला आणि कित्येक ठिकाणांहून ती दिसेनाशी झाली.

आपल्याकडे सह्याद्रीत आणि हिमालयात लायकेनचे मोठे वैविध्य आहे. भारतात सुमारे तीन हजार जातींची नोंद झाली आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत डी. डी. अवस्थी यांचा संग्रह आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम आहे. हे वाळके तुकडे फार मोलाचे आहेत, कारण नव्याने सापडलेला नमुना अखेर त्यांच्याशीच ताडून पाहावा लागतो. पण पानासारखी लायकेन वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. ती साल खरवडून पोत्यांनी काढली जातात, तेव्हा कोणती साधी आणि कोणती दुर्मीळ हे कोणी निवडत नाही. जिची नोंदच झाली नाही, ती गेली तरी तिची उणीव कुणाला भासत नाही.

यात सामान्य माणसाला करण्यासारखे बरेच आहे. दीड-दोनशे रुपयांचे दहापटीचे भिंग घ्या. देवराईतल्या किंवा गावच्या मंदिराजवळच्या जुन्या झाडाचे खोड चारही बाजूंनी पाहा. एकाच आंब्यावर पाच-सहा प्रकार सहज दिसतील. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. झाड, जागा आणि तारीख लिहून ठेवा. खरवडू नका. वनक्षेत्रातून काहीही उचलायला परवानगी लागते, आणि फोटोवरून अभ्यासकांना पुढचा शोध घेता येतो. मसाल्यासाठी दगडफूल घेताना लागेल तेवढेच घ्या, निवडून, धुऊन, वाळवून वापरा.

केसपेपरवर ‘ताप’ एवढेच लिहिले तर उपचार सुरू करता येत नाहीत, तो कशाचा हे शोधावे लागते. ‘शेवाळ’ हा शब्दही तसाच आहे. तिथे थांबलो तर खाण्याजोगे आणि विषारी, साधे आणि संपत चाललेले, हे सगळे एकाच पुडीत राहते.