चाऱ्याच्या ज्वारीचा स्वाभाविक प्रतिकार

ज्वारी उगवून आठवडा लोटतो न लोटतो, तोच घरमाशीहून लहान, करड्या रंगाची खोडमाशी पानांच्या खालच्या बाजूस पांढरी, लांबट अंडी घालू लागते. एक-दोन दिवसांत बाहेर पडलेली अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंब कापते आणि पोंगेमर होते. चाऱ्याच्या पिकात फवारणीचा मार्ग सहजी पत्करता येत नाही. कीटकनाशकाचा अंश वैरणीतून दुधात उतरू शकतो. म्हणून रोपाचा स्वतःचा प्रतिकार येथे पहिला आधार ठरतो.

सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण 1964 मध्ये प्रसारित झाला. उत्पादन वाढले, परंतु खोडमाशीपुढे तो दुबळा ठरला. याउलट, जिच्या कडब्याला पशुपालक आजही पसंती देतात ती रब्बीची मालदांडी 35-1 बऱ्यापैकी तग धरते. तिची कोवळी पाने चकाकतात. आयएस 18551 या प्रतिकारक वाणात चकाकीच्या जोडीला पानाखाली सूक्ष्म, टोकदार लव असते. अशा पानांवर माशी अंडी कमी घालते. अळीला पोंग्यापर्यंत सरकण्यासाठी पानावर ओलावा लागतो. तो केवळ दवाचा नसून रोपाच्या आतूनही पाझरतो, आणि प्रतिकारक वाणांत तो कमी आढळतो. चकाकी पारखण्यास उपकरण नको. रोपांवर पाणी शिंपडावे. मेणाचा दाट थर असलेल्या पानांवरून ते ओघळते, चकाकणाऱ्या पानांना थेंब चिकटून राहतात.

रासायनिक प्रतिकाराची गोष्ट वेगळी. कोवळ्या ज्वारीत धुरिन हे संयुग असते. पान चावले जाताच त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटते. कित्येक कीटकांना ते रोखते, पण गुरांनाही तेच मारक. पशुपालक त्यालाच किराळ लागणे म्हणतात. पाण्याच्या ताणात वाढलेल्या कोवळ्या पिकात व कापणीनंतरच्या फुटव्यांत धोका अधिक. ऑस्ट्रेलियात उत्परिवर्तनातून धुरिनविरहित ज्वारी मिळवली गेली आहे. मात्र विष काढताना रोपाची एक ढालही निघून जाते, हे विसरून चालणार नाही. चाऱ्याचे वाण निवडताना लव आणि चकाकी यांवर भिस्त ठेवणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे, कारण त्यांच्यापासून जनावराला विषबाधा होत नाही.

हा प्रतिकार अभेद्य नाही. पेरणी लांबली आणि माशांची संख्या वाढली, की प्रतिकारक वाणांतही पोंगेमर दिसते. त्यामुळे खरिपात पावसाच्या आरंभीच पेरणी उरकावी आणि बियाणे थोडे अधिक वापरावे.