बटाटा धरण्याआधीच्या खुणा

पूर्णा-भिवंडीच्या गोदामात कापडाच्या गाठींची थप्पी लागते, आणि कोणती गाठ फोडायची हे वरच्या खुणेवरून कळतं. पेशीतला डीएनएही असाच बांधलेला असतो. हिस्टोन प्रथिनांच्या प्रत्येक गोळ्याभोवती त्याच्या साधारण १४७ बेसजोड्या गुंडाळलेल्या. एच३ हिस्टोनच्या चौथ्या स्थानावरच्या लायसिनवर तीन मिथाइल गट दिसले तर तिथलं जनुक बहुधा चालू असतं. सत्ताविसाव्या स्थानावरच्या लायसिनवर दिसले तर बंद.

पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत अंजन बॅनर्जी यांच्या गटाने या खुणा बटाट्यात शोधल्या. अँडिजेना जातीला दिवस लहान झाल्याशिवाय बटाटा धरत नाही. या खुणांशी निगडित एमएसआय१ या प्रथिनाचं प्रमाण वाढवल्यावर खोडावर, हवेतच बटाटे लागले, असं त्यांनी २०२० मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी बटाटा धरण्याशी संबंधित जनुकांवरच्या या दोन्ही खुणांचा अभ्यास मांडला. सातगाव पठारावर बटाटा पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे काम व्हावं, याचा मला मनापासून आनंद आहे.

अशा खुणा शोधण्याच्या पद्धतीचं नाव चिप. खरी कसोटी लागते ती सुरुवातीलाच. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते आणि पेशींच्या मधे हवा असते, त्यामुळे डीएनए आणि प्रथिनं एकत्र बांधणारं फॉर्मल्डिहाइड आपण होऊन नीट आत शिरत नाही. ऊती साधारण एक टक्का द्रावणात बुडवून निर्वात पंप लावतात. द्रावण पिऊन ती गडद, अर्धपारदर्शक झाली की डीएनए-प्रथिनांची पकड जागच्या जागी गोठते. बांधणी कमी पडली तर खूण निसटते, जास्त झाली तर पुढे डीएनए तुटत नाही. म्हणून वेळ संपताच ग्लायसिन घालून ती थांबवायची. मग द्रव नायट्रोजनमध्ये कुटून केंद्रकं वेगळी करायची, ध्वनिलहरींनी डीएनएचे काहीशे बेसजोड्यांचे तुकडे पाडायचे, आणि एकाच खुणेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने हवे तेवढेच तुकडे चुंबकी मण्यांवर ओढून घ्यायचे. ते वाचायला सिक्वेन्सिंग.

प्रतिपिंड शेजारच्या खुणेलाही चिकटत असेल तर त्या वाचनातून आलेला सुंदर आलेख निरर्थक ठरतो. तसंच मूळ नमुना आणि एकूण एच३ यांची मोजणी शेजारी नसेल, तर तो आलेख मानू नये.

अडचण उरते ती ऊतीच्या मापाची. बटाटा धरतो जमिनीखालच्या फुटव्याच्या टोकाला, आणि ते टोक असतं इवलंसं. चिपला भरपूर माल लागतो. शिवाय अनेक प्रकारच्या पेशी एकत्र कुटल्या गेल्याने त्यांची सरासरीच हाती येते. २०१९ मध्ये आलेली कट-अँड-टॅग पद्धत थोड्या केंद्रकांवर भागवते. पण ती केंद्रकं भिंतीतून, हरितलवकांतून आणि स्टार्चमधून स्वच्छ सोडवून घ्यावीच लागतात.