तुटक जोडणीवरचं घड्याळ

१९९७ साली घरचा संगणक इंटरनेटला जोडायचा तर टेलिफोनच्या तारेवरूनच. मॉडेमचा कर्कश सूर संपला की भराभर काम उरकायचं आणि बिल वाढायच्या आत फोन मोकळा करायचा. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात ही सेवा सर्वसामान्यांना खुली केली होती, त्यामुळे अनेक मराठी घरांनीही ते दिवस पाहिले आहेत. त्याच १९९७मध्ये रिचर्ड कर्नो यांनी 'क्रोनी' हा प्रोग्राम लिहायला घेतला. दिवसातला बहुतेक वेळ जगाशी संबंध नसलेल्या संगणकाचं घड्याळ बरोबर कसं ठेवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

संगणकाचं घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतं. हा स्फटिक स्वस्तातला असतो आणि तापमान बदललं की त्याची गतीही बदलते. दहा लाखांत वीस भाग एवढी चूक त्याच्या बाबतीत नेहमीचीच. पण दिवसाचे सेकंद ८६,४००; म्हणजे रोज पावणेदोन सेकंदांचा, आठवड्याला बारा सेकंदांचा फरक. घरात कुणाच्या ते लक्षातही येणार नाही. मात्र दोन सर्व्हरच्या नोंदी शेजारी ठेवून बिघाडाचा माग काढणाऱ्याला उत्तर आधी गेलेलं आणि प्रश्न नंतर आलेला दिसतो.

जाळ्यावरून वेळ विचारण्याची रीत तेव्हा नवी नव्हती. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५मध्ये एनटीपी हा प्रोटोकॉल मांडला. जन्मापासून काचबिंदू असलेले मिल्स पुढे डेलावेअर विद्यापीठात राहून तो दशकानुदशकं घडवत राहिले. जानेवारी २०२४मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या पद्धतीत चार वेळा नोंदल्या जातात: संगणकाने विचारणा धाडली ती, सर्व्हरला ती मिळाली ती, सर्व्हरने उत्तर धाडलं ती आणि उत्तर हाती आलं ती. त्यावरून एकूण प्रवासाचा वेळ निघतो. त्यातला अर्धा जाण्यात आणि अर्धा येण्यात गेला, असं धरून घड्याळ किती चुकलंय ते काढतात.

खराब जोडणीवर नेमकं हे 'अर्धं-अर्धं' दगा देतं. समजा, घरात कुणीतरी मोठी फाइल उतरवून घेतंय. विचारणा ४० मिलिसेकंदांत पोचली. उत्तर मात्र त्या फाइलच्या पॅकेटांमागे रांगेत अडकलं आणि त्याला २४० लागले. हिशेबात थेट १०० मिलिसेकंदांची चूक शिरली, आणि घड्याळ बरोबर असूनही चुकीचं ठरलं. यावर मिल्स यांचा तोडगा सुरेख आहे. शेवटच्या आठ मापांपैकी ज्याला सर्वांत कमी वेळ लागला, त्यावर विश्वास ठेवायचा, कारण ते रांगेत अडकलं नसण्याची शक्यता सर्वांत जास्त.

क्रोनी याच प्रोटोकॉलने वेळ विचारतो, पण त्याची नजर दुसरीकडे असते. घड्याळ आत्ता किती चुकलंय यापेक्षा ते कोणत्या गतीने चुकत जातं, हे त्याला हवं असतं. जमलेल्या मापांमधून तो एक सरळ रेषा काढतो. तिचा कल म्हणजे स्फटिकाची खोड. ती तो एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. जोडणी तुटली की त्याच गतीची दुरुस्ती चालू राहते. ही गती दहा लाखांत एका भागापर्यंत कळलेली असली, तर सर्व्हरशिवाय काढलेल्या दिवसाची चूक पावणेदोन सेकंदांवरून ८६ मिलिसेकंदांवर येते.

शिवाय आपला अंदाज किती कच्चा आहे, याचाही हिशेब तो ठेवतो. सर्व्हरशी बोलणं होत नाही तोवर संभाव्य चुकीचा आकडा तो वाढवत नेतो, आणि तो आकडा कुणालाही पाहता येतो. क्रोनीचा सर्वांत मोलाचा गुण हाच. नुसती वेळ सांगणाऱ्या घड्याळापेक्षा स्वतःवर किती भरवसा ठेवावा हे सांगणारं घड्याळ कितीतरी जास्त उपयोगाचं असतं.

बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या यंत्राची अडचण वेगळी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली की त्यांचा काळही हरवतो. तशी सूचना देऊन ठेवली, तर क्रोनी आपल्या गतीच्या फाइलमध्ये शेवटची नोंद कधी झाली ते पाहतो आणि निदान तिथून पुढे घड्याळ सुरू करतो. सर्व्हर भेटल्यावर उरलेला मोठा फरक एका उडीत भरून काढता येतो. नंतरच्या किरकोळ दुरुस्त्या मात्र घड्याळ किंचित जलद किंवा सावकाश चालवून करायच्या, म्हणजे एकच सेकंद दोनदा येत नाही.

मॉडेमचा जमाना गेला, क्रोनी टिकला. मिरोस्लाव्ह लिख्वार यांनी पुढे त्याची धुरा घेतली आणि २०१४च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७मध्ये तो आधीपासून नेमलेला (डीफॉल्ट) वेळरक्षक म्हणून आला. भारतात सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांना आपली घड्याळं एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) किंवा नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जोडायला सांगितलं. हे करताना जोडणी वारंवार तुटणाऱ्या कार्यालयाने एका सर्व्हरवर विसंबू नये. दोन असले आणि त्यांचं जुळलं नाही, तर खरा कोण ते ठरत नाही. तिसरा आला की चुकणारा एकटा पडतो. एखादा गप्प झाला तरी निवाडा करता यावा, म्हणून चार सर्व्हर नेमलेले बरे.