कोरडवाहू शेतीचा हिशेब आणि कोयता

शेती ‘परवडते’ की नाही, याचे उत्तर आपण कोणता खर्च मोजतो यावर अवलंबून असते. बीड जिल्ह्यातील लहान शेतकऱ्याच्या संदर्भात हा मुद्दा समजून घेऊ.

बियाणे, खत, औषधे, बाहेरची मजुरी यांसाठी प्रत्यक्ष मोजलेल्या पैशांना कृषी खर्च व मूल्य आयोग ‘ए-२’ खर्च म्हणतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मूल्य मिळवले की दुसरी पातळी येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याजही धरले की ‘सी-२’. केंद्र सरकार २०१८-१९ पासून हमीभावासाठी दीडपट धरते ती दुसऱ्या पातळीची, ‘सी-२’ची नव्हे. शेतकरी संघटनांचा आक्षेप नेमका येथे आहे.

उदाहरणादाखल दोन एकर कोरडवाहू सोयाबीन घ्या. (हमीभाव वगळता पुढील आकडे गृहीत आहेत.) उत्पन्न १२ क्विंटल. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. पण त्या हंगामात बाजारभाव बराच काळ त्याखालीच राहिले, म्हणून ४,२०० धरू. हाती आले ५०,४०० रुपये. रोख खर्च ३०,००० वजा जाता २०,४०० उरले. घरातले म्हणतील, फायदा झाला. आता घरच्या श्रमाचे १५,००० वजा करा, राहिले ५,४००. जमिनीचा १६,००० रुपये खंड धरला की १०,६०० रुपयांचा तोटा! पीक तेच, शेतही तेच.

शिवाय क्षेत्रच आक्रसत गेले आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. गेवराई-माजलगावच्या कालव्याखालील जमिनीला ऊस तरी साधतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बालाघाटच्या हलक्या, मुरमाड रानांत तोही पर्याय नाही.

मग ही शेती टिकते कशी? बहुधा कोयत्यावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे जायचे आणि ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. घेतलेल्या उचलीतून अनेकदा खरिपाची उधारीही भागवली जाते. म्हणजे शेतातील तूट उसाच्या फडात भरून निघते. कोरडवाहू शेती कुटुंबाला पोसते असे आपण म्हणतो. येथे कित्येकदा कुटुंबच शेतीला पोसत असते. त्यातच ऐन रब्बीत घरी उरतात म्हातारी माणसे. ज्वारीची राखण, काढणी कोणी करायची?

या व्यवस्थेची एक किंमत कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. काम बुडाले की ‘खाडा’ धरला जातो आणि पैसे कापले जातात. मासिक पाळीतील खाडे टाळण्याच्या दडपणाखाली ऊसतोड महिलांनी गर्भाशय काढून घेतल्याच्या तक्रारी बीडमधून पुढे आल्या आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ‘कुटुंबश्रम’ या निर्विकार संज्ञेत हे श्रम कोठे मोजायचे, हे अर्थशास्त्राने अजून नीट सांगितलेले नाही.

स्वाध्याय : आपल्या किंवा परिचित कुटुंबाच्या एका पिकाचा हिशेब तिन्ही पातळ्यांवर मांडा. घरातील स्त्रियांचे कामाचे दिवस त्यांनाच विचारून लिहा.