स्वस्त डिजिटल कॅमेरा : घेण्यापूर्वी एवढे पाहा

ईद, घरातला निकाह किंवा शाळेची सहल जवळ आली की मुले कॅमेऱ्याचा हट्ट धरतात. मोबाइल असताना कॅमेरा कशाला, असे पालक विचारतात. पण अनेक अम्मी-अब्बांना आता उलट वाटू लागले आहे. मुलाच्या हाती इंटरनेटसह मोबाइल देण्यापेक्षा नुसता फोटो काढणारा साधा कॅमेरा दिलेला काय वाईट? विचार चांगला आहे. फक्त स्वस्त कॅमेऱ्याकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधी समजून घ्यावे.

जगातला पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. वजन सुमारे साडेतीन किलो, चित्र कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला 23 सेकंद लागत. आज त्याहून कितीतरी सरस कॅमेरा खिशात मावतो.

मेगापिक्सेलचा मोह

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘48 मेगापिक्सेल’ लिहिलेले असते. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बममध्ये लावतो त्या 4 बाय 6 इंची उत्तम छपाईला 1800 बाय 1200, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके पुरतात. 8 बाय 10 इंची मोठ्या फोटोलाही 72 लाख पुरे. मग 48 चा उपयोग काय? बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत आतला सेन्सर कमी ठिपक्यांचाच असतो. उरलेले ठिपके यंत्र अंदाजाने भरते. दुधात पाणी घातल्याने भांडे भरते, दूध वाढत नाही.

खरा फरक सेन्सरच्या आकाराचा आहे. साध्या छोट्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा आढळणारा सेन्सर जेमतेम 6 बाय 4.5 मिलिमीटरचा असतो. जुन्या फिल्मची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट होती. सेन्सर लहान असला की प्रकाश कमी गोळा होतो आणि संध्याकाळनंतरच्या फोटोत दाणे दिसू लागतात.

कुठे चालतो, कुठे अडतो

भर दिवसा हा कॅमेरा तक्रारीला जागा देत नाही. ईदगाहवरची सकाळ, कापसाने पांढरे झालेले शेत, सहस्रकुंडच्या धबधब्याची सहल, हे सारे छान येते. पण आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उर्सातली रात्रीची रोषणाई किंवा मंडपातला वलीमा टिपायला जा, तो अपुरा पडतो. छोट्या फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरपर्यंतच पोहोचतो. पुढचा पाहुणा पांढराफटक आणि मागची मंडळी अंधारात, असा फोटो निघतो.

अगदी स्वस्त कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरलेला असतो. त्यामुळे जवळची वस्तू, जसे हातावरची मेहंदी किंवा शाळेचा दाखला, धूसर येते. कागदपत्रांसाठी तो घेऊ नये. बटण दाबल्यावर फोटो निघायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात लहान मूल चौकटीबाहेर पळालेले असते. ‘डिजिटल झूम’ म्हणजे चित्राचा तुकडा कापून मोठा करणे. भिंगाने खरे जवळ आणणारा तो ‘ऑप्टिकल झूम’. खोक्यावर तोच शब्द शोधावा.

दुकानातच एक परीक्षा घ्या. वर्तमानपत्राचे पान हातभर अंतरावरून टिपा, मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढा आणि दोन्ही मोठे करून पाहा. बॅटरी आपल्या तालुक्यात मिळते का, हेही विचारा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका, बॅटरी लवकर खराब होते.

घरची गोष्ट घरातच

आपल्या घरांसाठी या कॅमेऱ्याचा मोठा गुण वेगळाच आहे. पूर्वी रोल धुवायला स्टुडिओत द्यावा लागे. घरातल्या स्त्रियांचे फोटो परक्या नजरेखाली जातील, या संकोचाने कित्येक घरांत नानी-दादीचा एकही फोटो उरला नाही. साध्या कॅमेऱ्यातले फोटो आपोआप कुठेही पाठवले जात नाहीत. ते कार्डावर, आपल्या ताब्यात राहतात.

मात्र येथेच मोठा धोकाही आहे. कार्डावरून फोटो ‘डिलीट’ केला की तो पुसला गेला, असे समजू नका. पुष्कळदा साध्या सॉफ्टवेअरने तो परत मिळवता येतो. म्हणून कॅमेरा विकताना, दुरुस्तीला देताना किंवा कुणाला वापरायला देताना कार्ड काढून घ्या. छपाईसाठी जाताना सगळे कार्ड न देता निवडक फोटोच वेगळ्या पेनड्राइव्हवर न्या. आणि जपायचे फोटो दोन ठिकाणी ठेवा, कारण स्वस्त कार्ड सूचना न देता बंद पडते.

फोटोच्या मसल्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण परवानगीबाबत मतभेद नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय न जाण्याची शिकवण आहे. कॅमेऱ्याची नजरही घरात शिरतेच. म्हणून मुलाच्या हाती कॅमेरा देताना बटणाच्या आधी त्याला एक वाक्य शिकवा : “तुमचा फोटो काढू का?” समोरून नकार आला तर कॅमेरा खाली. एवढे ज्याला जमले, त्याला पुढे मोबाइल देतानाही काळजी कमी वाटेल, इन्शाअल्लाह.